बहात्तर तासांचं पुडिंग

दोन तास वीस मिनिटं.

सोमवारी रात्रभर मला झोप लागली नाही ती या वरच्या वीस मिनिटांमुळे. पहिल्या दोन तासांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. ते पुस्तिकेलाही मान्य होते. 'दूध किंवा अंडी घातलेला शिजवलेला पदार्थ दोन तासांहून अधिक काळ फ्रिजबाहेर ठेवू नये', पान एकोणीस, वरून सातवी ओळ. मी केलेलं चॉकलेट पुडिंग ओट्यावर दोन तास वीस मिनिटं राहिलं होतं आणि त्यानंतर ते माझ्या लेकीच्या बालवाडीत गेलं होतं. सतरा मुलांसाठी. शेजारी नवरा गाढ झोपला होता. त्याला जगातली कुठलीच वीस मिनिटं छळत नाहीत (सकाळी उठतानाची तर मुळीच नाहीत, ती तो सरळ झोपेत मिळवून टाकतो).

आता ही पुस्तिका कोणती, ते सांगते. मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापायला जाण्याआधी मी वाचते आणि चुका काढते. घरच्यांच्या मते हा माझा व्यवसाय नसून स्वभाव आहे आणि छापखान्याने फक्त त्याचा फायदा घेतला आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडे उपाहारगृहांच्या स्वयंपाक्यांसाठीची एक पुस्तिका आली. अन्नातून पोटात जाणारे जिवाणू आणि परजीवी, चौसष्ट पानं, रंगीत चित्रांसह. साधा माणूस असली पुस्तिका चाळतो आणि विसरतो. मुद्रितशोधक ती तीन वेळा वाचतो, अक्षर न् अक्षर. साल्मोनेला हा शब्द मी अकरा ठिकाणी दुरुस्त केला आहे. इतक्यांदा हाताखालून गेलेला जिवाणू आपल्याला विसरत नाही.

या पुस्तिकेच्या बेचाळिसाव्या पानावर एक सूचना होती. स्वयंपाकघरात जे जे शिजेल त्याचा थोडा नमुना झाकणाच्या डबीत काढावा, वर तारीख-वेळ लिहावी आणि बहात्तर तास फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे कुणी आजारी पडलंच तर कारण शोधता येतं. ही सूचना मोठ्या उपाहारगृहांसाठी होती. पण जंतू काय जेवणाऱ्यांची डोकी मोजून येतात? मी अठरा पांढऱ्या, झाकणाच्या डब्या आणल्या, उकळून घेतल्या आणि आमच्या चौघांच्या घरात नमुने ठेवायला सुरुवात केली. वर ऑफिसातल्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या. 'भात, शनिवार, १.१०.' 'उसळ, शनिवार, ८.४०.'

"हा फ्रिज आहे की पोलिसांचा माल ठेवायची खोली?" सासूबाईंनी विचारलं. सासूबाई बत्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. वॉर्डात इतकं काही बघून झालंय की घरातल्या कशालाच त्या घाबरत नाहीत. मी मात्र त्यांना अधूनमधून थक्क करते.

"आई, बहात्तर तासांचा प्रश्न आहे."

"अगं, तीन दिवसांचा म्हण ना. ऐकायला तरी बरं वाटतं."

तर सोमवारी लेकीचा पाचवा वाढदिवस होता. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण सव्वा वर्षाची असताना तिने नवऱ्याच्या शर्टाचं बटण गिळलं होतं. (ते तिसऱ्या दिवशी सुखरूप परत आलं. मी अजून आलेली नाही.) वर्गासाठी पुडिंग न्यायचं तिचं महिनाभर ठरलं होतं. मी ते पहाटे केलं, अंडी नीट शिजवली, थर्मामीटर घालून शिजवली, वर बदामाचे काप लावले. आणि थंड करायला फ्रिज उघडला, तर आत जागा नाही. फ्रिजमध्ये अठरा डब्या होत्या. सुरक्षिततेच्या.

एकही डबी फेकण्याजोगी नव्हती, कुणाचेच बहात्तर तास भरले नव्हते. मग मी ठरवलं, थोडा वेळ राहू दे ओट्यावर. एवढंच. एवढंच मी ठरवलं. त्यात बटणचा मोजा सापडेना, शाळेची व्हॅन उशिरा आली आणि दोन तासांवर वीस मिनिटं चढली. तरीही निघताना मी उसळीची डबी मुदतीआधीच धुऊन तिच्यात पुडिंगचा नमुना काढलाच. बटणने पातेल्यात बोट घालायला हात पुढे केला, तर म्हटलं, "हात लावू नकोस, ते वर्गाचं आहे. तुला तिथे मिळेल."

मंगळवारी सकाळी बटण अंथरुणातच बसून म्हणाली, "माझं पोट दुखतंय."

मी हातातला कंगवा टाकून घड्याळ बघितलं. नवरा मात्र लगेच कामाला लागला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, आणि त्याला प्रश्न विचारायची एकच पद्धत येते.

"हे बघ, बटण. इथे दाबतो. आणि आता इथे. पहिलं जास्त दुखतंय की दुसरं?"

"दुसरं."

"आता परत बघ. दुसरं... की तिसरं?"

"दुसरं."

"झोपल्यावर की बसल्यावर?"

"शाळेत," बटण म्हणाली.

"शाळेतपासून दुखतंय!" मी किंचाळले. "म्हणजे काल दुपारपासून! म्हणजे चार तासांच्या आत! स्टॅफिलोकॉकस!"

"कोण?" नवरा म्हणाला.

मी भराभर हिशोब मांडला. काही तासांत लक्षणं दिसली तर स्टॅफिलोकॉकस, सहा तासांनंतर साल्मोनेला, दोन ते पाच दिवसांत कॅम्पिलोबॅक्टर. आठवड्याने दिसली तर जिआर्डिया, म्हणजे मागच्या रविवारी पोहण्याच्या तलावात तिने गिळलेलं पाणी. महिन्यांनी असेल तर पट्टकृमी, तो कित्येक मीटर लांब वाढतो (पान सत्तावन्न, चित्रासह. ते चित्र मी कागदाने झाकून तपासलं होतं). जितकं मागे जावं तितके संशयित वाढत होते. वर्षभर मागे गेले असते तर आमच्या लग्नाच्या जेवणापर्यंतही पोचले असते, कारण एव्हाना मला साल नीट मोजता येत नव्हतं.

तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर लागोपाठ तीन निरोप आले. 'आज येणार नाही.' 'आज येणार नाही.' 'आज सुट्टी, बरं नाही.'

तीन! सतरातले तीन, आणि आमची चौथी.

"ताप?" सासूबाईंनी बटणच्या कपाळाला हात लावला. "नाही. उलटी? नाही. जुलाब? नाही. अगं, हिला भूक लागलीय."

"आई, सुरुवातीला ताप नसतो."

"सुरुवातीला आजारही नसतो," त्या म्हणाल्या आणि दूध तापवायला गेल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा." मी पुस्तिकेतली चार नावं घेतली. पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला. "बरं, तुमच्या समाधानासाठी शौचाचा नमुना तपासून घ्या. लॅबमधून डबी आणा."

लॅबमधून डबी? माझ्याकडे उकळून निर्जंतुक केलेल्या अठरा डब्या असताना? भाताची रिकामी केली, पुन्हा उकळली. बटणने तासाभरात नमुना दिला. (तो पाहून सासूबाई म्हणाल्या, "वॉर्डात असा कुणी दिला असता तर आम्ही पेढे वाटले असते.") लॅब नऊला उघडणार होती, आणि तोवर नमुना गार ठेवायला हवा होता. फ्रिजचा तळचा खण मी आधीच रिकामा केला होता, कारण त्यात पुडिंगची डबी एकटी ठेवली होती, आरोपी म्हणून. दुसरी डबी तिच्याच शेजारी ठेवली. एक चिठ्ठी 'पुडिंग, सोमवार'. दुसरी 'तपासणी, मंगळवार'. दोन्ही डब्या पांढऱ्या, झाकणबंद, आतलं काही दिसत नाही अशा.

साडेआठला नवरा दुकानात गेला. नऊला मी 'तपासणी'ची डबी लॅबमध्ये नेऊन दिली, ऑफिसला रजा कळवली आणि घरी येऊन बटणसमोर बसून राहिले. ती चित्रात निळा हत्ती रंगवत होती. आजारी मुलं हत्ती निळा रंगवतात का, यावर पुस्तिकेत काही नव्हतं.

अकराला फोन वाजला.

"मॅडम, लॅबमधून बोलतेय. तुम्ही सकाळी नमुना दिलात, तो... तुम्ही स्वतः बघितला होता ना?"

"हो. काय सापडलं? सांगा, मी ऐकून घेईन."

"व्हॅनिला."

(इथे मला खोटं बोलता येत नाही. क्षणभर मी मनातल्या मनात चौसष्ट पानं उलटली. व्हॅनिलाचा वास कुठल्या जिवाणूला येतो?)

"आणि वर बदामाचा काप आहे," त्या बाई म्हणाल्या. "तो आम्ही कृमी म्हणून धरलेला नाही."

मी फोन ठेवला. पुडिंग लॅबमध्ये होतं. मग दुसरी डबी? तळचा खण उघडला. खण रिकामा.

"आई! खणातली डबी कुणी घेतली?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "तुझा नवरा सकाळी फ्रिजपाशी घुटमळत होता. 'ही तीन दिवस सांभाळून शेवटी फेकूनच देणार, त्यापेक्षा मी दुकानात नेतो, हिला सांगू नकोस' म्हणाला. पुडिंगची चिठ्ठी बघून नेली हो त्याने. चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, गारव्याने. त्याने उचलून परत लावल्या. किती नीटनेटका आहे!"

"कशावरून लावल्या? कुठली कुठे?"

"अंदाजाने," सासूबाई म्हणाल्या. आणि मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातातली शेंग निसटली.

मी नवऱ्याला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. त्याचा चहा साडेअकराला असतो आणि चहाबरोबर काहीतरी गोड लागतं. मी चपला उलटसुलट घालून धावत सुटले.

दुकानात एक आजोबा यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. नवरा त्यांच्यासमोर.

"खाऊ नकोस!" मी दारातूनच ओरडले.

"मी काही खात नाहीये, बाई," आजोबा यंत्रातूनच म्हणाले. "फक्त तिसरी ओळ वाचतोय."

नवऱ्याने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्याचा चेहरा असा, की जणू कुणी गेल्याचं सांगायचंय.

"म्हणजे तुला कळलं," तो म्हणाला. "मी मुद्दाम फोन केला नाही तुला."

"खाल्लंस का?"

"नाही. झाकण उघडलं फक्त. आज चहा लवकर घेतला, म्हणून." त्याने खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातचं मी आजवर सगळं खाल्लंय. ती पालकाची बिस्किटंसुद्धा. पण ते पुडिंग... ते बिघडलं होतं. थोडंसं नाही. पार."

मला हसू येत होतं की रडू, ते त्याच्याच पद्धतीने विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

"अरे, ते पुडिंग नव्हतं."

"मग काय होतं?"

मी सांगितलं.

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी चमचा काढून ठेवला होता."

"ती डबी कुठाय?"

"तीन पिशव्यांत बांधून कचऱ्यात." आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पुडिंग चांगलं होतं?"

"व्हॅनिलाचा वास येतोय म्हणे अजून."

"अरे बापरे."

"आता काय?"

"मी शाळेत फोन केला," तो म्हणाला. "आत्ताच. म्हटलं, कालचं पुडिंग पूर्ण सडलेलं निघालं, मुलांवर लक्ष ठेवा. बाई नुसतं 'आई गं' म्हणाल्या."

शाळा दोन गल्ल्या सोडून. आम्ही दोघं पळत गेलो. (आजोबा तसेच हनुवटी टेकवून बसले होते. निघताना नवरा त्यांना म्हणाला, "पापणी लववत राहा.") वाटेत माझ्या डोळ्यांसमोर सतरा मुलं रांगेने आडवी झालेली दिसत होती. मी बाईंना काय सांगणार, पालकांना काय सांगणार, आणि बटणला मोठेपणी कुणी सांगितलं की तुझ्या आईने तुझा अख्खा वर्ग आडवा केला, तर ती काय म्हणेल?

वर्गात आडवी झाली होती ती मुलं नव्हती.

सतरंजीवर मधोमध बाई झोपल्या होत्या, कपाळावर ओला रुमाल. त्यांच्या एका बाजूला शाळेतल्या मावशी पोट धरून, दुसऱ्या बाजूला व्हॅनचे ड्रायव्हरकाका कुशीवर. आणि मुलं, ठणठणीत मुलं, खेळण्यातले स्टेथोस्कोप घेऊन तिघांना तपासत होती. एकीने ड्रायव्हरकाकांच्या कानात थर्मामीटर म्हणून खडू घातला होता.

"बाई, मुलांना काही झालंय का?" मी धापा टाकत विचारलं.

बाईंनी डोळे उघडले आणि मिटले. "मुलांना पुडिंग दिलंच नाही," त्या पुटपुटल्या. "घरचं शिजवलेलं मुलांना द्यायचं नाही, असा नियम आहे. मुलांना मी बिस्किटं दिली. तुम्ही एवढ्या प्रेमाने पाठवलेलं, परत कसं करायचं? म्हणून... आम्ही तिघांनी..."

"सतरा मुलांचं?"

"दोन-दोनदा घेतलं," मावशी कण्हल्या. "चव छान होती हो. म्हणूनच तर."

"आणि ते तीन गैरहजर?"

"एकाचा दात काढायचाय, एक मामाकडे गेलीय, एकीला सर्दी." बाईंनी पुन्हा पोटावर हात ठेवला. "सर फोनवर बोलत होते आणि इकडे मला मळमळायला लागलं."

आता माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, गप्प राहायचं आणि वर्षानुवर्षं सडकं पुडिंग पाठवणारी आई म्हणून ओळखलं जायचं. दुसरा, खरं सांगायचं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक अक्षरं वाचण्यात गुंतला होता.

"बाई, पुडिंग अगदी चांगलं आहे. ह्यांनी ज्याचा वास घेतला, ते पुडिंग नव्हतं."

"मग काय होतं?"

सतरंजीवरच्या तिघांनी माना वळवल्या. मुलंही गप्प झाली. (मुलं नेमकी अशाच वेळी गप्प होतात.) मी खाली वाकून बाईंच्या कानात सांगितलं.

बाई उठून बसल्या. रुमाल बाजूला ठेवला. मग त्यांनी मावशींच्या कानात सांगितलं, मावशींनी काकांच्या. तीन मिनिटांत तिघंही बरी झाली. चौसष्ट पानांत इतक्या लवकर आटोक्यात येणारा एकही जंतू नाही.

"सर," मावशी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे चष्मा करायला टाकलाय मी. तो तुम्हीच बसवणार आहात ना?"

"हो."

"मग राहू द्या."

बुधवारी सकाळी बटणने नवा नमुना दिला. या वेळी लॅबच्याच डबीत, आणि ती मी दोन्ही हातांनी धरून नेली. संध्याकाळी अहवाल आला. जिवाणू नाहीत. कृमी नाहीत, त्यांची अंडी नाहीत. अमीबा, जिआर्डिया, कुणीही नाही. (अहवालात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी पेन्सिलीने केल्या नीट.) फ्रिजमधल्या सगळ्या डब्या सासूबाईंनी एकेक करून धुतल्या आणि माळ्यावर टाकल्या.

पण एक प्रश्न राहिलाच होता. मी बटणला मांडीवर घेतलं.

"बटण, मग तुझं पोट कशाने दुखत होतं गं?"

"त्याच्यात पुडिंग नव्हतं," बटण म्हणाली. "घरी तू म्हणालीस शाळेत मिळेल. शाळेत बाईंनी मला बिस्किट दिलं आणि स्वतः पुडिंग खाल्लं. मी खिडकीतून बघितलं. घरी आले तर तू म्हणालीस, नमुन्याला हात लावायचा नाही. माझा वाढदिवस होता."

मी चौघांच्या पोटांची काळजी करत बसले होते, चौसष्ट पानं पाठ केली होती, आणि ज्या एका पोटात पुडिंग जायचं होतं तेवढ्यातच ते गेलं नव्हतं. सासूबाईंनी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं, भूक लागलीय म्हणून. त्या आता नुसत्या शेंगा सोलत राहिल्या, पण फार मोठ्याने सोलत होत्या.

मी तेव्हाच्या तेव्हा उठले आणि पुडिंग केलं. घड्याळ बघितलं नाही, थर्मामीटर काढला नाही. फ्रिज आता रिकामा होता, त्यात ते ऐसपैस गार झालं. वर बटणच्या नावाचे पाच बदाम लावले आणि मोठी वाटी भरून तिच्यासमोर ठेवली. नवरा चमचा घेऊन रांगेत दुसरा.

बटणने वाटीकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उतरली, खेळण्यांच्या टोपलीतून एक छोटी डबी आणली, चमच्याने त्यात थोडं पुडिंग काढलं आणि झाकण घट्ट लावलं. मग वाटी माझ्यापुढे सरकवली.

"बाळा, खा ना," मी म्हटलं. "आता काय झालं?"

"आधी तू खा," बटण म्हणाली. "तू बहात्तर झोपांनंतर बरी असलीस, तर मी खाईन."